स्वीटी: आठ वर्षं लांबलेलं एक ऑपरेशन

अनंत चतुर्दशीला मी माझा जनावरांचा दवाखाना अर्धा दिवसच उघडा ठेवते. 2023 साली अधिक श्रावणामुळे गणपती उशिरा बसले, विसर्जन 28 सप्टेंबरला आलं. दुपारी तीनला शटर ओढायच्या बेतात होते तेव्हा सदाशिव पेठेतून फोन आला. त्यांची कुत्री स्वीटी उठत नाहीये, पाणी प्यायली की उलटी होतेय, आणि रस्ते सगळे बंद आहेत.

लक्ष्मी रोडपासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. विसर्जनाच्या दिवशी त्या भागातून गाडी काढणं शक्यच नसतं. शेवटी घरातला मुलगा आणि त्याची पंधरा वर्षांची लेक स्वीटीला कपड्यांच्या टोपलीत घालून पायी निघाले. कुमठेकर रोड ओलांडला, टिळक रोड ओलांडला, ढोल पथकांच्या कडेकडेने वाट काढत नवी पेठेत आले. तिथे रिक्षा मिळाली आणि म्हात्रे पुलावरून ते एरंडवण्यात माझ्याकडे पोचले. या सगळ्यात सव्वा तास गेला. मुलीने टोपलीवर स्वतःची ओढणी पसरली होती, आवाज कमी लागावा म्हणून.

हे सगळं कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. माणसांची नावं घेतलेली नाहीत. स्वीटीचं नाव तेवढं तेच ठेवलंय, कारण घरातल्या आजींनीच तसं सांगितलं.

स्वीटी म्हणजे पांढरीशुभ्र स्पिट्झ, वय साडेआठ वर्षं, नसबंदी न केलेली. टेबलावर ठेवली तेव्हा तिने मान उचलली नाही. ताप 104 फॅरनहाइट. हिरड्या विटकरी लाल, जीभ कोरडी, कातडी चिमटीत धरली तर हळूहळू खाली बसत होती. पोट ताणलेलं, हात लावला की कण्हायची. वजन 10.4 किलो भरलं. माझ्या कार्डावर जूनमधलं वजन होतं 9.6. म्हणजे आठ-नऊ दिवस धड खाल्लं नव्हतं आणि तरी वजन पाऊण किलोने वाढलं होतं. तिथेच मला पोटात काय असणार ते कळलं.

मी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं ब्लीडिंग कधी झालं होतं?"

बाप-लेकीने एकमेकांकडे बघितलं. मुलीला आठवलं: पंधरा ऑगस्टच्या आसपास. म्हणजे सहा आठवडे झाले होते.

सोनोग्राफीत गर्भाशयाची दोन्ही शिंगं फुगून नळ्यांसारखी दिसत होती, आत दाट द्रव. बाहेर मात्र स्राव जवळजवळ नाही. शेपटीखालचे केस थोडे चिकट, एवढंच. पिशवीचं तोंड बंद होतं. रक्तात पांढऱ्या पेशी 41,000 होत्या, जिथे साधारण 17,000 ही वरची मर्यादा धरतात. क्रिएटिनिन 2.4, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आलेला. निदान पायोमेट्रा, सोप्या भाषेत पिशवीत पू. तोंड उघडं असेल तर पू बाहेर वाहतो, घरच्यांना घाण दिसते आणि ते लवकर आणतात. तोंड बंद असलं की काहीच दिसत नाही. पू आत साठत जातो, विष रक्तात उतरतं, आणि पिशवी फाटली तर सगळं पोटात पसरतं.

आता मागे वळून पाहिलं तर लक्षणं महिनाभर समोरच होती, फक्त प्रत्येकाला दुसरं कारण मिळालं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती मलूल झाली. घरच्यांना वाटलं, नदीपात्रात पथकांचा सराव चाललाय, ढोलांच्या आवाजाने घाबरली असेल. दरवर्षी घाबरतेच. मग खाणं कमी झालं. गौरी-गणपतीची पाहुण्यांची वर्दळ, कोणीतरी मोदक घातला असेल. मग पाण्याचं भांडं दिवसात पाच-पाच वेळा भरायला लागलं. भाद्रपदातलं ऊन. मग आयुष्यात कधी घरात घाण न केलेली स्वीटी रात्री दारापाशी लघवी करायला लागली, आणि आजोबांनी तिला ओरडून बाल्कनीत ठेवलं. त्या गोष्टीचं आजोबांना अजून वाईट वाटतं.

वाढलेली तहान हे या आजाराचं फार बोलकं लक्षण आहे. पिशवीतले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, जे विष सोडतात त्यामुळे मूत्रपिंडांना शरीराचा "पाणी राखून ठेव" हा निरोप ऐकू येईनासा होतो. लघवीतून पाणी निघून जातं आणि ते भरून काढायला कुत्री पाणी पीत राहते. पाणी खूप पिते म्हणून लघवी खूप, असं आपल्याला दिसतं. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो.

आणि यात माझी एक चूक आहे, ती लिहायलाच हवी. 25 तारखेला आजींचा मला फोन आला होता. स्वीटी जेवत नाही, एक उलटी झाली. मी गर्दीत होते. जुलाब आहेत का विचारलं, उलटीत रक्त आहे का विचारलं. नाही म्हणाल्या. दही-भात द्या, उद्या बरं वाटलं नाही तर घेऊन या, असं सांगून मी फोन ठेवला. नसबंदी न केलेल्या आठ वर्षांच्या कुत्रीबद्दल फोन आला असताना मी ब्लीडिंगची तारीख विचारली नाही. विचारली असती तर त्याच संध्याकाळी सोनोग्राफी झाली असती, रस्ते मोकळे असताना. ते तीन दिवस माझ्यामुळे गेले. तेव्हापासून दवाखान्याच्या फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: "मादी आहे? ऑपरेशन झालंय? नसेल तर हीट कधी?" हीट म्हणजे माज, ज्याच्या सुरुवातीला रक्त जातं. माझे मदतनीस फोन घेतात तेव्हा तेही हे तीन प्रश्न आधी विचारतात.

आधीची आठ वर्षं

स्वीटी 2015 मध्ये दोन महिन्यांची असताना साताऱ्याहून आली. लसीकरण पूर्ण झालं तेव्हा मी ऑपरेशनचं सांगितलं. आजी म्हणाल्या, "अगं, एकदा तरी आई होऊ दे तिला. मग काय करायचं ते कर."

हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलंय याला गणती नाही. त्यात क्रूरपणा काडीचाही नसतो, उलट माया असते. आजींना चार मुलं. त्यांच्या दृष्टीने एका जिवाला आईपण न मिळणं ही त्याच्यावर केलेली जबरदस्ती होती. मी तेव्हा नुकतीच स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली होती, मोठ्या माणसांशी वाद घालायचा धीर नव्हता. कार्डावर लिहिलं, "पुढच्या वेळी बोलू."

2017 मध्ये शनिवार पेठेतल्या एका स्पिट्झबरोबर जोडी लावली. त्रेसष्ट दिवसांनी चार पिल्लं झाली, एक तिसऱ्या दिवशी गेलं. उरलेल्या तिघांसाठी घरं शोधताना घरचे थकून गेले. एक नातेवाइकांकडे गेलं, एक हडपसरला. तिसरी, एक मादी, ओळखीतल्या ओळखीने एका जोडप्याला दिली. दीड वर्षाने ते जोडपं पुण्याबाहेर गेलं आणि जाताना तिला इमारतीच्या पार्किंगमध्ये सोडून गेलं. हे आजींना फार उशिरा कळलं. तोवर तिला रस्त्यावर दोनदा पिल्लं झाली होती. नंतर महापालिकेच्या गाडीने नेऊन तिची नसबंदी केली आणि नियमाप्रमाणे त्याच भागात परत सोडली. कानाची खाच ती खूण. स्वीटीची ती लेक आजही तिथेच, वॉचमनच्या खोलीबाहेर झोपते. एकदा आई होऊ द्यायची ठरवली की पुढच्या पिढीचीही जबाबदारी येते. पाळीव जनावराच्या लसीकरणाची आणि नसबंदीची जबाबदारी मालकाची, असं केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत लिहिलेलं आहे. पण घर बदलणाऱ्या माणसाच्या मागे ते नियम कोण घेऊन धावणार?

पिल्लांनंतर ऑपरेशन करायचं ठरलं होतं. तेवढ्यात आजोबांची बायपास झाली. मग 2019 च्या लसीला आले तेव्हा आजी म्हणाल्या, आता पाच वर्षांची होत आली, थोड्या दिवसांत तिची पाळी जाईलच. पुन्हा कार्डावर माझं तेच वाक्य. मग टाळेबंदी. 2022 मध्ये तिसऱ्यांदा तेच वाक्य. माझ्याच अक्षरात तीनदा.

त्या संध्याकाळी सलाईन लावताना आणखी एक गोष्ट कळली, जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. 2019 च्या डिसेंबरात घरात लग्न होतं आणि स्वीटी ऐन त्या आठवड्यात हीटवर येणार असं दिसत होतं. पाहुणे, सोवळं, दारात जमणारी गल्लीतली कुत्री, हे सगळं टाळायला कोणाकडून तरी "पाळी बंद करायचं इंजेक्शन" दिलं. 2021 मध्ये काशीयात्रेच्या वेळी पुन्हा एकदा.

तिचं शरीर

कुत्रीचं रक्त जाणं आणि बाईची पाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेच बहुतेक घरांचं गणित चुकतं, आणि ते समजावून सांगणं आम्हा डॉक्टरांचं काम आहे, जे मी आठ वर्षं केलं नाही.

बाईची पाळी चक्राच्या शेवटी येते. गर्भ राहिला नाही की पिशवीचं अस्तर गळून पडतं. म्हणून आपल्याकडे म्हणतात, घाण निघून गेली. कुत्रीचं रक्त चक्राच्या सुरुवातीला जातं, बीज सुटण्याच्या आधी, पिशवी तयारीला लागते तेव्हा. त्यानंतर काहीही गळून पडत नाही. उलट, नर जवळ आला असो वा नसो, जवळजवळ दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणाचं संप्रेरक चढं राहतं. शरीराच्या लेखी ती प्रत्येक हीटनंतर गर्भारच असते. काही कुत्र्यांना खोटं गर्भारपण येतं, सडात दूध उतरतं, खेळण्याला पिल्लू समजून कुशीत घेतात, ते यामुळेच.

हे संप्रेरक पिशवीचं अस्तर जाड करतं, त्यातल्या ग्रंथींना पाझरायला लावतं, पिशवीच्या स्नायूंना शांत ठेवतं म्हणजे आतलं बाहेर ढकललं जात नाही, आणि तोंड बंद करतं. पिशवीची प्रतिकारशक्तीही खाली आणते, कारण गर्भाला परकं समजून मारायचं नसतं. गर्भ असेल तर ही सगळी उत्तम व्यवस्था. गर्भ नसेल आणि हीटच्या वेळी उघड्या तोंडातून चार जंतू वर चढले असतील तर त्यांना उबदार, ओलसर, बंद खोली मिळते. दर सहा-सात महिन्यांनी हेच. वर्षागणिक अस्तरात गाठीगाठी होतात, आणि एका वर्षी पू धरतो. म्हणून हा आजार बहुतेक वेळा मध्यम वयानंतर आणि हीट होऊन चार ते आठ आठवड्यांनी दिसतो. स्वीटीच्या बाबतीत सहा.

पाळी "जाईल" ही आशाही खरी नाही. कुत्रीला रजोनिवृत्ती नसते. वय वाढेल तशी हीट लांबते, अनियमित होते, पण चक्र मरेपर्यंत चालू राहतं. आणि एकदा पिल्लं झाली की पिशवी सुरक्षित झाली, असंही नाही. काही अभ्यासांत पिल्लं झालेल्या कुत्र्यांमध्ये हा आजार थोडा कमी आढळतो, पण टळत नाही. स्वीटी त्याचं उदाहरण.

आणि ते इंजेक्शन म्हणजे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन, दीर्घकाळ टिकणारं. हीट थांबते हे खरं. पण जे संप्रेरक या आजाराच्या मुळाशी आहे, तेच बाहेरून घातलं जातं. लग्नाच्या आठवड्यासाठी कुत्री आठ दिवस बोर्डिंगमध्ये ठेवणं किंवा एका खोलीत सांभाळणं कितीतरी बरं.

स्वीडनमध्ये कुत्र्यांची नसबंदी सरसकट होत नाही आणि विमा उतरवायची पद्धत जुनी, त्यामुळे तिथल्या नोंदी कामाच्या ठरल्या. नसबंदी न केलेल्या चार-पाच कुत्र्यांमागे जवळपास एकीला वयाच्या दहाव्या वर्षाआधी पायोमेट्रा झालेला दिसला. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, तिथे आमचा जास्त भर गाई-म्हशींवर. गाईच्या पिशवीत पू झाला की प्रोस्टाग्लँडिनचं, म्हणजे पिशवी आकुंचन पावायला लावणारं, इंजेक्शन देऊन पिशवी रिकामी करतात, आणि गाय पुन्हा गाभणही राहते. कुत्रीतही औषधोपचार आहेत, पण तोंड बंद, ताप चढलेला, मूत्रपिंडं दमलेली असताना आकुंचन घडवायचं म्हणजे पिशवी फाटायचा धोका. स्वीटीसाठी रस्ता एकच होता.

ती रात्र

चार तास सलाईन आणि शिरेतून अँटिबायोटिक दिलं. लगेच कापायचं नसतं, रक्तदाब सावरल्याशिवाय भूल झेपत नाही. फार थांबायचंही नसतं. कोथरूडहून माझा सहकारी आला. साडेआठला आम्ही पोट उघडलं.

स्वीटीएवढ्या कुत्रीची निरोगी पिशवी पेन्सिलीएवढी जाड असते. ही माझ्या मनगटाएवढी होती. भिंत इतकी पातळ झालेली की चिमटा लावायलाही हात कचरत होता. आम्ही ती दोन्ही तळहातांवर तोलून बाहेर घेतली, रक्तवाहिन्या बांधल्या, अंडाशयासकट काढली. वजन 930 ग्रॅम भरलं. पंचावन्न मिनिटं लागली. बाहेर अलका चौकाच्या दिशेने अजून ढोल ऐकू येत होते. मुलगी दवाखान्याच्या बाकावर बसून होती. तिला आत बोलावून स्वीटीचा श्वास दाखवला तेव्हा ती रडली.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक संपून रस्ते मोकळे झाल्यावर आजी आल्या. "मला ते बघायचंय," म्हणाल्या. मी नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. फॉर्मलिनच्या बरणीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझीही पिशवी काढलीय, पंचेचाळिसाव्या वर्षी. मला त्रास व्हायला लागल्यावर कोणी आठ वर्षं थांबायला सांगितलं नव्हतं."

मला त्यावर काही बोलता आलं नाही.

स्वीटी तीन दिवस दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी क्रिएटिनिन 1.1 वर आलं, तिने अंडं खाल्लं, अकराव्या दिवशी टाके काढले. खर्च, वेळेवर नियोजित ऑपरेशनला जेवढा आला असता त्याच्या जवळपास चौपट झाला. पैशांपेक्षा मोठा फरक धोक्याचा आहे. दोन्ही वेळा ऑपरेशन तेच, अवयव तेच. एका वेळी जनावर निरोगी, उपाशीपोटी, रक्त तपासून आलेलं असतं, दुसऱ्या वेळी विषाने भरलेलं.

टेबलावर आणखी एक सापडलं होतं. शेवटच्या सडाजवळ वाटाण्याएवढी गाठ. इतक्या आजारी जनावराची भूल लांबवायची नव्हती म्हणून तेव्हा हात लावला नाही, डिसेंबरात काढली. तपासणीत साधी निघाली. सडाच्या गाठी आणि नसबंदीचं वय यांचा संबंध 1969 च्या एका अमेरिकन अभ्यासापासून सांगितला जातो: पहिल्या हीटच्या आधी नसबंदी केली तर धोका एक टक्क्याच्याही खाली, एका हीटनंतर आठ, दोननंतर सव्वीस. 2012 मध्ये जुन्या अभ्यासांची छाननी झाली तेव्हा हा पुरावा समजला जायचा तितका भक्कम नाही असं दिसलं, त्यामुळे मी ते आकडे आता छातीठोकपणे सांगत नाही. पण आठव्या वर्षी ऑपरेशन करून सडाच्या गाठींपासून फारसं संरक्षण मिळत नाही, हे मी मालकांना स्पष्ट सांगते. स्वीटीचे सड घरी दर महिन्याला हाताने तपासतात. ते काम नातीकडे आहे.

या प्रकरणानंतर आजींच्या धाकट्या मुलाने वाकडहून फोन केला. त्याच्याकडे सात महिन्यांचा गोल्डन रिट्रीव्हर नर. घाबरून म्हणाला, "ताई, उद्याच करून टाकू या." मी त्याला थांबवलं. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये सांध्यांचे आजार जास्त दिसले, कारण हाडांची वाढ थांबवणारी संप्रेरकं तेव्हा गेलेली असतात. मोठ्या जातीच्या नराला वाढ पुरी होईपर्यंत, वर्ष-दीड वर्ष थांबवलेलं बरं. त्याला पायोमेट्रा होणार नाही. घाई एका टोकाला आणि "बघू" दुसऱ्या टोकाला. जनावराची जात, लिंग, वय, घरातली परिस्थिती पाहून तारीख ठरवायची, आणि ठरली की पाळायची. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते, म्हणून वाटीतलं अन्न साधारण पाव भागाने कमी करायचं, नाहीतर वर्षभरात जनावर गोल होतं आणि दोष ऑपरेशनला जातो. काही मादी कुत्र्यांची लघवी उतारवयात झोपेत गळते, त्यावर औषध आहे. हे मी आधीच सांगते. लपवलेली एक गोष्ट कळली की माणसं बाकीच्या सगळ्यावरचा विश्वास काढून घेतात.

2024 च्या जानेवारीत नातीने पार्किंगमधून एक मांजरीचं पिल्लू वर आणलं, तांबडं-काळं-पांढरं, साधारण चार महिन्यांचं. स्वीटीने दोन दिवस गुरगुरून मग तिला आपल्या गादीवर जागा दिली.

मांजरीचं वेगळंच आहे. ती पाचव्या-सहाव्या महिन्यातही हीटवर येऊ शकते, रक्त दिसत नाही, रात्रभर ओरडते, आणि शेजारी विचारतात हिला काय झालं. बोका भेटला तर बीज मिलनामुळेच सुटतं, त्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी. नऊ आठवड्यांत पिल्लं, आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा हीट. बोका भेटला नाही तर दर दोन-तीन आठवड्यांनी तेच ओरडणं. पेठेतल्या घरात खिडकीला जाळी नसते आणि पन्हाळीवरून यायला-जायला वाट असते, तिथे "लक्ष ठेवू" याला अर्थ नाही. शिवाय मांजरीच्या सडाच्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात.

हे मी सांगायला सुरुवात केली तर आजींनी हात वर केला. पिल्लू त्या स्वतः घेऊन आल्या होत्या, भाजीच्या पिशवीत, वर चेन अर्धी उघडी.

"तारीख दे," म्हणाल्या. "फक्त संकष्टीला नको. त्या दिवशी मला उपास असतो, तिच्याजवळ रात्री जागायला जमायचं नाही."

फेब्रुवारीतला एक मंगळवार ठरला. पिशवी दोऱ्याएवढी होती. वीस मिनिटं लागली, संध्याकाळी ती घरी गेली.